तीनपैकी एक कॉम्प्युटर खोटं बोलला आणि विमानाने नाक खाली घातलं

नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी आलेली एक बातमी तुम्हाला आठवत असेल. एअरबसच्या ए३२० जातीच्या जवळजवळ ६,००० विमानांचं सॉफ्टवेअर तातडीने बदलायचं होतं. आपल्याकडे इंडिगो आणि एअर इंडियाचे इंजिनिअर रात्रभर त्याच कामाला लागले होते. गंमत म्हणजे बहुतेक विमानांत नवीन अपडेट टाकायचा नव्हता, उलट आधीच्या जुन्या व्हर्जनवर परत जायचं होतं. कारण काय, तर ३० ऑक्टोबरला कॅनकूनहून न्यूअर्कला निघालेल्या जेटब्लूच्या एका विमानाने वैमानिकाने काहीही न करता अचानक नाक खाली घातलं, माणसं जखमी झाली आणि विमान टॅम्पाला उतरवावं लागलं.

ती बातमी वाचल्यावर माझ्या काही मित्रांनी विचारलं, "अरे, पायलटने काही केलं नाही तर विमान स्वतःहून खाली कसं जाईल?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर द्यायला मी २०२५ ची घटना घेणार नाही. त्यापेक्षा जुनी, पूर्ण तपास झालेली आणि मला कितीतरी जास्त शिकवून गेलेली एक घटना घेतो. क्वांटास ७२, ७ ऑक्टोबर २००८. ऑस्ट्रेलियाच्या एटीएसबी या तपास संस्थेने तीन वर्षं खपून डिसेंबर २०११ मध्ये तिचा अहवाल दिला. सेन्सर, डेटा आणि सॉफ्टवेअर यांच्यात नेमकी फट कुठे राहते, हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

तर झालं असं. एअरबस ए३३० विमान सिंगापूरहून पर्थला निघालं होतं. आत ३०३ प्रवासी आणि १२ कर्मचारी. उंची ३७,००० फूट, हवा स्वच्छ, जेवणं उरकलेली. कॅप्टन होते केव्हिन सुलिव्हन, अमेरिकन नौदलाचे माजी फायटर पायलट. फर्स्ट ऑफिसर नुकतेच ब्रेकसाठी कॉकपिटबाहेर गेले होते आणि त्यांच्या जागी सेकंड ऑफिसर बसले होते.

दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी ऑटोपायलट आपोआप बंद पडला. यात घाबरण्यासारखं काही नसतं, असं कधीकधी होतं. सुलिव्हननी विमान हातात घेतलं. पण त्यापाठोपाठ वॉर्निंग सुरू झाल्या, आणि त्यासुद्धा विचित्र. एक म्हणत होती की वेग फार जास्त आहे, दुसरी म्हणत होती की विमान स्टॉल होतंय, म्हणजे पंखांचा आधार सुटतोय. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं जवळजवळ अशक्य. तुमचा फोन एकाच वेळी 'बॅटरी संपली' आणि 'बॅटरी फुल' असं दाखवायला लागला तर तुम्ही काय समजाल? बॅटरी ठीक असेल, पण सांगणारा गोंधळलाय, हेच ना? कॉकपिटमध्येही नेमकं तेच चाललं होतं. फक्त तिथे सांगणाऱ्याचं ऐकून विमान चालवणारा आणखी एक कॉम्प्युटर होता.

१२ वाजून ४२ मिनिटांनी विमानाने एकदम नाक खाली घातलं. ८.४ अंश. आकडा लहान वाटतो, म्हणून आत काय झालं ते सांगतो. विमान इतक्या झटक्याने खाली गेलं की आतली माणसं क्षणभर उलट दिशेला, छताकडे फेकली गेली. ज्यांचे पट्टे बांधलेले नव्हते त्यांची डोकी वरच्या पॅनलवर आदळली. मागच्या बाजूला उभे असलेले कर्मचारी छताला लागून खाली पडले. कॅप्टननी साइडस्टिक मागे ओढली, पण पहिल्या क्षणी विमानाने दादच दिली नाही. मग प्रतिसाद मिळाला आणि ६५० फूट खाली गेलेलं विमान त्यांनी पुन्हा वर आणलं. जेमतेम तीन मिनिटं होतात न होतात तोच परत तसंच. या वेळी ३.५ अंश आणि ४०० फूट.

स्टिक आणि शेपटी यांच्यामध्ये कोण बसलंय

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. जुन्या विमानांत वैमानिकाच्या हातातला दांडा तारा आणि कप्प्यांनी शेपटीच्या हलत्या भागांना जोडलेला असायचा. तुम्ही ओढलं की ते हललं. ए३३० मध्ये तसं नाही. तिथे वैमानिक साइडस्टिक हलवतो म्हणजे खरं तर कॉम्प्युटरला एक विनंती पाठवतो. कॉम्प्युटर वेग, उंची, कोन सगळं बघतो आणि मग शेपटीवरच्या एलिव्हेटरला किती हलायचं ते सांगतो. यालाच फ्लाय-बाय-वायर म्हणतात.

तुम्ही फोनवर फोटो काढता तेव्हाही थोडंफार हेच होत असतं. बटण तुम्ही दाबता, पण आकाश किती निळं दिसणार आणि चेहरा किती उजळ येणार हे सॉफ्टवेअर ठरवतं. बहुतेक वेळा ते तुमच्यापेक्षा चांगलंच ठरवतं. विमानातही तसंच. माझं स्पष्ट मत आहे की फ्लाय-बाय-वायरने जीव वाचवलेत. वैमानिकाने चुकून विमान धोकादायक स्थितीत नेलं तर कॉम्प्युटर त्याला अडवतो. या अडवण्याला प्रोटेक्शन म्हणतात.

त्यातलं एक प्रोटेक्शन आपल्या गोष्टीच्या मध्यभागी आहे. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नका, पण काढलाच अशी कल्पना करा. तळहात आडवा ठेवला तर वारा सरळ निघून जातो. पुढची कड थोडी उचलली की हात वर ढकलला जातो. फार उचलली की वर जाणं थांबतं आणि हात नुसता मागे रेटला जातो. विमानाच्या पंखाचंही तेच. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा जो कोन होतो त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. साध्या उड्डाणात तो दोनेक अंश असतो. फार वाढला तर स्टॉल. म्हणून कोन प्रमाणाबाहेर वाढलाय असं दिसलं की कॉम्प्युटर स्वतःहून नाक खाली घालतो.

त्या दुपारी खरा कोन होता दोन अंशांच्या आसपास. कॉम्प्युटरला सांगितलं गेलं ५०.६ अंश!

डबा बरोबर, झाकणावरचा कोड चुकला

हा ५०.६ आला कुठून? तपासातला हा भाग मी दोनतीनदा वाचला, कारण पहिल्यांदा विश्वासच बसेना.

ए३३० मध्ये हवेची आणि दिशेची माहिती गोळा करणारे तीन डबे असतात. त्यांना एडीआयआरयू म्हणतात. प्रत्येक डबा वेग, उंची, अँगल ऑफ अटॅक अशी माहिती सतत पुढे पाठवत राहतो. ही माहिती ३२ बिट्सच्या तुकड्यांत जाते आणि प्रत्येक तुकड्यातले ८ बिट्स हे लेबल असतं. म्हणजे 'हा वेग आहे', 'ही उंची आहे' असं सांगणारी चिठ्ठी. बाकीच्या बिट्समध्ये खरा आकडा.

मुंबईचे डबेवाले डब्याच्या झाकणावर रंगाने कोड लिहितात ना, तसंच समजा. डबा उघडून आत भाजी कोणती आहे हे कुणी बघत नाही. कोड वाचायचा आणि डबा पोचवायचा. आता एखाद्या डब्यावर चुकीचा कोड पडला तर? डबा अगदी वेळेवर पोचेल, पण भलत्याच टेबलावर.

एक नंबरच्या एडीआयआरयूमध्ये हेच घडलं असावं, असा तपासातला सर्वांत जुळणारा निष्कर्ष आहे. उंचीचा आकडा अधूनमधून अँगल ऑफ अटॅकचं लेबल लावून बाहेर पडत होता. ३७,००० फूट उंची दाखवणारे बिट्स कोन म्हणून वाचले की उत्तर येतं ५०.६ अंश. म्हणजे सेन्सर बिघडला नव्हता, आकडाही कुणी मनाने बनवला नव्हता. खऱ्या आकड्यावर खोटी चिठ्ठी लागली होती.

त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे त्या डब्याला आपलं काही चुकतंय हे कळलंच नाही. प्रत्येक डबा स्वतःची तपासणी करतो आणि गडबड वाटली तर 'माझा डेटा धरू नका' असा शेरा मारून पाठवतो. या वेळी हे चुकीचे आकडे 'ठीक आहे' या शेऱ्यासकट जात होते. प्रवासात मॅपवरचा निळा ठिपका गायब झाला तर मी वैतागतो, पण फसत नाही. सरळ पानटपरीवर रस्ता विचारतो. फसतो केव्हा? तोच ठिपका पूर्ण आत्मविश्वासाने मला शेजारच्या सर्व्हिस रोडवर दाखवतो तेव्हा.

मग बाकीचे दोन काय करत होते?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर शाबास. तीन डबे ठेवतात ते याचसाठी. एक म्हणतो ५०, दोघं म्हणतात २, तर दोघांचं ऐकायचं. इतकं सोपं असायला हवं होतं.

कॉम्प्युटर खरोखरच तुलना करत होता. नियम असा होता: नेहमी पहिल्या आणि दुसऱ्या डब्याच्या कोनांची सरासरी वापरायची. त्यातला एखादा तिघांच्या मधल्या आकड्यापासून फार लांब गेला तर त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं आणि १.२ सेकंद शेवटचा चांगला आकडा धरून ठेवायचा. चुकीचा आकडा बराच वेळ टिकला तर तो डबा बाद. आणि आकडा लगेच पूर्ववत झाला तर किरकोळ गडबड समजून माफ. विमानात क्षणिक चुकीचे आकडे येतच असतात. प्रत्येक वेळी डबा बाद करत बसलं तर अर्ध्या प्रवासात हाताशी काहीच उरणार नाही. त्यामुळे नियम मूर्खपणाचा होता असं मी म्हणणार नाही.

पण एक फट राहिली होती. १.२ सेकंद संपले की कॉम्प्युटर त्या क्षणी आलेला आकडा तपासल्याशिवाय घेत असे. गृहीत हे होतं की एवढ्या वेळात सगळं सुरळीत झालं असेल. समजा, पहिला खोटा आकडा आला आणि गेला. कॉम्प्युटरने १.२ सेकंद डोळे मिटून जुना आकडा धरला. आणि बरोब्बर डोळे उघडायच्या क्षणी दुसरा खोटा आकडा दारात उभा. तो सरळ आत घेतला गेला. क्षणभर कॉम्प्युटरला वाटलं की विमान भयंकर स्टॉलमध्ये आहे. मग दोन वेगवेगळ्या सुरक्षा यंत्रणा एकदम जाग्या झाल्या, एकीने ४ अंश आणि दुसरीने ६ अंश, आणि एलिव्हेटरला मिळून १० अंशांचा नाक खाली घालायचा हुकूम गेला.

फ्लाइट कंट्रोलचे मुख्य कॉम्प्युटरसुद्धा तीन होते. पण तिघांत नियम एकच. तीन मुलांनी एकाच गाईडमधून उत्तर पाठ केलं असेल आणि गाईडमध्येच चूक असेल, तर तिघांचं उत्तर जुळलं म्हणून ते बरोबर ठरत नाही. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातली खरी गोष्ट हीच आहे. हार्डवेअरच्या तीन प्रती ठेवणं सोपं आहे. विचाराच्या तीन प्रती ठेवणं अवघड.

खोटे आकडे त्या प्रवासात पुन्हापुन्हा येत राहिले. त्यातल्या फक्त दोन वेळा वेळेचं गणित असं जुळलं. ए३३० आणि त्याचं भावंड ए३४० यांच्या लाखो तासांच्या उड्डाणांत ही फट कुणाला दिसली नाही ती त्यामुळेच.

कॉकपिटमधली पन्नास मिनिटं

हे सगळं आज मी तुम्हाला आरामात सांगतोय. कॉकपिटमधल्या तिघांना (फर्स्ट ऑफिसर एव्हाना परत आले होते) यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर फक्त एवढंच होतं: विमान दोनदा न सांगता खाली गेलंय, तिसऱ्यांदा कधी जाईल ते माहीत नाही, स्क्रीनवर बिघाडांच्या ओळी एकामागून एक येताहेत आणि वॉर्निंगचे आवाज थांबत नाहीयेत. एक ओळ वाचून तिचा उपाय करावा, तोवर दुसरी हजर.

दुसऱ्या झटक्यानंतर एक गोष्ट बरी झाली. इतके बिघाड नोंदले गेले की फ्लाइट कंट्रोल यंत्रणा आपोआप खालच्या पातळीच्या मोडवर गेली आणि तिथे ती प्रोटेक्शन चालू नसतात. म्हणजे नाक खाली घालणारा 'रक्षक'च रजेवर गेला. पण त्यामुळे आता धोका टळला, असं खात्रीने सांगायला त्या क्षणी कॉकपिटमध्ये कुणाकडेच काही आधार नव्हता.

पर्थ अजून हजार किलोमीटरहून जास्त लांब होतं. जवळच होतं लिअरमंथ. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, एक्समाउथ या छोट्या गावाजवळचा विमानतळ, हवाई दलही वापरतं तो. मोठं हॉस्पिटल नाही, ३०० लोकांची सोय नाही. पण लांब धावपट्टी आहे. सुलिव्हननी तिकडे वळायचं ठरवलं. आधी 'पॅन' दिला, म्हणजे अडचणीत आहोत, मदत लागेल. मग केबिनमधून जखमींची खरी अवस्था कळली आणि त्यांनी 'मेडे' पुकारला.

मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. आपण फोन बिघडला की आधी कारण शोधतो, सेटिंग उलटसुलट करतो, यूट्यूबवर व्हिडिओ बघतो. त्यांनी कारण शोधत बसण्यात वेळ घातला नाही. कारण माहीत नाही हेच उतरायचं कारण. नेहमीचा सॅटेलाइटवर आधारलेला अप्रोच वापरता येत नव्हता, म्हणून धावपट्टी डोळ्यांनी बघत, हाताने विमान आणलं. नाक परत खाली गेलंच तर सावरायला जागा हवी, ही काळजी शेवटपर्यंत होती. १ वाजून ३२ मिनिटांनी विमान लिअरमंथला टेकलं. पहिल्या झटक्यापासून पन्नास मिनिटं.

३१५ पैकी ११९ जण जखमी झाले, त्यात १२ गंभीर. रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसच्या विमानांनी जखमींना पर्थला हलवलं. कुणीही दगावलं नाही. पण 'सगळे सुखरूप' असं म्हणून मी हे उडवून लावणार नाही; काहींच्या दुखापती आणि मनावरचे ओरखडे पुढे वर्षानुवर्षं राहिले. खुद्द सुलिव्हननी नंतर त्यावर एक पुस्तक लिहिलं. आणखी एक आकडा अहवालात आहे: पहिल्या झटक्याच्या वेळी किमान ६० प्रवासी सीटवर बसलेले होते, पण पट्टा न लावता.

दोषी कोण?

व्हॉट्सॲप तेव्हा नव्हतं, पण अफवा होत्या. एक्समाउथजवळ नौदलाचं एक मोठं रेडिओ केंद्र आहे. त्याच्या लहरींनी विमानाचं डोकं फिरवलं असं पुष्कळ लोक म्हणाले. कुणी प्रवाशांच्या लॅपटॉपवर शंका घेतली. तपासणाऱ्यांनी हे सगळं तपासलं आणि तसं झाल्याचा पुरावा मिळाला नाही. अवकाशातून येणाऱ्या कणांनी एखादा बिट उलटला असेल का, हेही पाहिलं. शक्यता पूर्ण फेटाळता आली नाही, पण सिद्ध करण्याइतका पुरावाही नव्हता. बिघडलेला डबा प्रयोगशाळेत नेला, तापवला, थंड केला, हलवला. त्याने ती चूक पुन्हा करून दाखवली नाही. ज्यांच्या मोबाईलचा प्रॉब्लेम दुकानात नेल्यावर नेमका गायब होतो, त्यांना हे दुःख कळेल.

चूक नेमकी कशाने सुरू झाली हे कायमचं अनुत्तरित राहिलं. पण दुसरी बाजू, म्हणजे खोटा आकडा आला तरी विमानाने तो का मानला, हे पूर्ण सापडलं. आणि दुरुस्ती तिथेच झाली. एअरबसने कोन तपासण्याचा तो नियम बदलला, जेणेकरून असे लागोपाठ आलेले खोटे आकडे आत घुसू नयेत. २०२५ मध्ये ए३२० च्या वेळी संशयाचं बोट सूर्याकडून येणाऱ्या तीव्र किरणोत्सर्गाकडे गेलं, तेव्हाही सूर्याला कुणी दुरुस्त करणार नव्हतं. दुरुस्त करायचं होतं ते त्या डेटावर विसंबणारं सॉफ्टवेअर.

नवीन सॉफ्टवेअर यायला मात्र वेळ लागतो. तोवर काय? एअरबसने वैमानिकांसाठी तात्पुरती सूचना काढली: अशी लक्षणं दिसली की त्या एडीआयआरयूचे दोन्ही भाग बटण दाबून लगेच बंद करायचे. वाद घालायचा नाही.

तिची परीक्षा फार लवकर झाली. २७ डिसेंबर २००८ रोजी, तीन महिनेही झाले नव्हते, क्वांटासचंच दुसरं एक ए३३० पर्थहून सिंगापूरला चाललं होतं. ३६,००० फुटांवर ऑटोपायलट सुटला आणि पहिल्या एडीआयआरयूच्या बिघाडाचा मेसेज आला. वैमानिकांनी सूचनेप्रमाणे दोन बटणं दाबली, विमान वळवलं आणि पर्थला परत आणलं. त्या दिवशी नाक खाली गेलं नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.